टीप चेंडूला किती वेळ टेकते?

बिलियर्ड्सच्या टेबलावर क्यूची टीप पांढऱ्या चेंडूला किती वेळ टेकलेली असते, हा काही कुणाच्या पोटापाण्याचा प्रश्न नव्हे. त्याचं उत्तर सरळ आहे : सुमारे सेकंदाचा हजारावा भाग. डोळ्याची पापणी लवायला याच्या शंभरपटीहून अधिक वेळ लागतो. हे उत्तर मी १९८६ सालच्या पावसाळ्यात, बेळगावच्या कॅम्पातल्या एका जुन्या हॉलमध्ये, पाच-सात पोरांच्या देखत मोठ्या आवाजात दिलं होतं. उत्तर बरोबर होतं. आजही ते बरोबरच आहे. पण ते दिल्याबद्दल मला इतक्या वर्षांनंतरही बरं वाटत नाही. बरोबर उत्तर दिल्याची खंत माणसाला का वाटावी, याचा विचार करता करता जे सुचत गेलं ते इथे मांडतो.

ज्यांनी हा खेळ पाहिला नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. बिलियर्ड्स, स्नूकर आणि पूल ही एका घराण्यातली भावंडं. हिरवं कापड, मोठं टेबल, लाकडी काठी म्हणजे क्यू, आणि क्यूच्या टोकाला चामड्याची छोटी गोल टिकली, तिला टीप म्हणायचं. टिपेनं मारायचं ते फक्त आपल्या चेंडूला. बाकीचं सगळं त्या चेंडूकरवी घडवून आणायचं. खेळ साहेबाचा म्हणून आपल्याकडे ओळखला जातो, पण यातला स्नूकर जन्मला जबलपूरला, १८७५ च्या पावसाळ्यात, लष्करी अधिकाऱ्यांच्या मेसमध्ये. नेव्हिल चेंबरलेन नावाच्या एका तरुण अधिकाऱ्याच्या डोक्यातून तो निघाला (इंग्लंडचे पंतप्रधान झाले ते चेंबरलेन वेगळे), आणि त्याचे नियम पक्के झाले ऊटीच्या क्लबात. पुण्यात जन्मलेल्या विल्सन जोन्स यांनी १९५८ साली कलकत्त्यात बिलियर्ड्सचं जागतिक हौशी अजिंक्यपद मिळवलं आणि १९६४ साली ते पुन्हा जिंकलं. तेव्हा हा खेळ आपला नाही असं म्हणायचं कारण नाही.

आमच्या हॉलमध्ये बारा फूट लांब आणि सहा फूट रुंद अशी दोन टेबलं होती. तिथे गुण इंग्रजीत मोजले जात, शिव्या कन्नडमध्ये दिल्या जात आणि चहा मराठीत मागवला जाई. आणि तिथे मार्करमामा होते. मार्कर म्हणजे खरं तर गुण मांडणारा, पण ते नावापुरतं. टेबल झाडायचं, कापडाला इस्त्री करायची, टिपा बसवायच्या, सभासदांना जोडीदार मिळाला नाही तर त्यांच्याशी खेळायचं, जोडीदार आला की बाजूला व्हायचं, आणि उरलेल्या वेळात पोरांना शिकवायचं, ही सगळी कामं त्यांची. मामा बैलहोंगलकडचे. घरी कन्नड, आमच्याशी मराठी. शाळा चौथीपर्यंत. पोरं शिकवणीचे महिन्याला थोडेफार पैसे देत, पगाराला तेवढाच हातभार.

त्या संध्याकाळी मामा पोरांना 'स्क्रू' शिकवत होते. चेंडूला मध्याच्या खाली मारायचं, म्हणजे तो पुढच्या चेंडूवर आपटून उलटा आपल्याकडे येतो. पाहणाऱ्याला जादू वाटते. मामा सांगत होते, "टीप सोडायची नाही. बॉलला चिकटवून ठेवायची. चिकटवून ठेवून पुढं पोचवून यायचं त्याला, पाहुण्याला ष्टँडवर पोचवतो तसं." मी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायला लागून दोनच वर्षं झाली होती. नवशिक्या मास्तराला जगात चुका फार दिसतात. मी हसून म्हणालो, "मामा, टीप चिकटत नाही हो. एका सेकंदाचे हजार तुकडे केले तर त्यातल्या एका तुकड्याएवढा वेळ ती टेकते, की चेंडू निघून गेलेला असतो. नंतर तुम्ही क्यू पुढे न्या, मागे न्या, की खाली टाका. चेंडूला त्याचा पत्ता नसतो."

पोरांना फार मजा वाटली. त्या दिवसापासून कुणी शॉट मारला की दुसरा ओरडायचा, "मामा, सुटली बघा, चिकटली न्हाई!" मामा हसले. ब्रश उचलून दुसऱ्या टेबलाकडे गेले आणि कापड झाडायला लागले. झाडून झालेलंच कापड होतं ते.

या पोरांत माझा भाचा होता. खानापूरचा, शिकायला आमच्याकडे राहिलेला, वय पंधरा. मामांचा तो सगळ्यात तयार विद्यार्थी. त्यानं माझं म्हणणं मनावर घेतलं. टीप टेकल्यानंतर जे होतं त्याला अर्थ नाही ना, मग क्यू उगाच पुढे न्यायचा कशाला? तो चेंडूला टोचा मारून क्यू जागीच थांबवायला लागला. तीन-चार आठवड्यांत त्याचा स्क्रू गेला. पांढरा चेंडू हातभर मागे यायचा तो वीतभर यायला लागला, कधी जागीच उभा राहायला लागला. दिवाळीच्या आधी हुबळीत एक स्पर्धा झाली. तिथे, ज्याला तो नेहमी हरवायचा अशा पोरानं त्याला पहिल्याच फेरीत घरी पाठवलं. भाच्यानं क्यू ठेवला तो दोन वर्षं उचलला नाही. माझी बहीण खूश झाली, कारण तो अभ्यासाला लागला. तेवढं सोडलं तर त्या बरोबर उत्तरानं कुणाचं भलं झालं असं मला आठवत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. कसलेल्या खेळाडूला या सगळ्याचा, म्हणजे क्यू कसला, टीप किती मिलिमीटरची, चेंडू कशाचा, तो कोणत्या नियमानं फिरतो, या तपशिलाचा खरोखर काही उपयोग असतो का? यावर दोन मतं नेहमी ऐकू येतात आणि दोन्ही मला आता अपुरी वाटतात.

पहिलं मत आपल्या म्हणीतच आहे : नाचता येईना, अंगण वाकडे. खरा खेळाडू कोणत्याही क्यूनं खेळतो, तपशिलाच्या गप्पा ज्याला खेळता येत नाही त्यानं माराव्यात. आमच्या हॉलमध्ये याला पुरावाही भरपूर होता. काही सभासद विलायती क्यू बाळगत, सतरा औंस बरा की अठरा, ॲशचा दांडा बरा की मेपलचा, यावर तास तास बोलत, आणि टेबलावर मात्र वीस गुणांचा ब्रेक होईना. मामा भिंतीवरच्या मांडणीतला कुठलाही क्यू उचलून त्यांना हरवत.

पण मामांना मी जवळून पाहिलं होतं. तपशिलाबद्दल त्यांच्याइतका चिकित्सक माणूस त्या इमारतीत दुसरा नव्हता. टीप बसवली की ती पॉलिश-पेपरनं घासून तिचा घुमट त्यांच्या मनासारखा व्हायला पाऊण तास लागे. कापडाला बारीक लव असते, ती टेबलाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे झुकलेली असते. मांजराच्या पाठीसारखी, एका दिशेनं मऊ आणि उलट दिशेनं खरखरीत. साइड देऊन म्हणजे बाजूला मारून हळू सोडलेला चेंडू लवीबरोबर जाताना एका अंगाला सरकतो आणि लवीविरुद्ध जाताना दुसऱ्या. म्हणून ब्रश नेहमी एकाच दिशेनं फिरायला हवा. एखाद्या पोरानं आडवा ब्रश मारला तर एरवी शांत असणारे मामा भडकत. जुलैत, आमच्याकडचा तो न संपणारा पाऊस लागला की कापड दमट होई, चेंडू जड चालत, कुशनवरून मरगळल्यासारखे परत येत. मग मामा रात्रभर टेबलावरचे दिवे चालू ठेवत आणि सकाळी इस्त्री फिरवून कोपऱ्यातून एक चेंडू घरंगळत सोडत. तो चेंडू कुठे थांबला ते पाहून म्हणत, "आज टेबल आजारी आहे, सांभाळून."

म्हणजे म्हण खरी आहे, पण अर्धी. नाचता न येणारा अंगणाला बोल लावतो हे खरंच. पण अंगण कधीकधी वाकडं असतंही, आणि ते किती वाकडं आहे हे ज्याला नाचता येतं त्यालाच कळतं. नवशिक्याच्या हातात टीप गुळगुळीत असली काय आणि सपाट असली काय, त्याचा नेम त्याहून मोठ्या चुकीनं आधीच हुकलेला असतो. तपशिलाचा फरक दिसायला आधी हात स्थिर असावा लागतो. जितका खेळाडू मोठा, तितका छोटा फरक त्याला बोचतो.

यातही एक गंमत आहे, आणि ती मला फार उशिरा कळली. चेंडूला बाजूला मारलं की तो क्यूच्या रोखानं सरळ जात नाही, किंचित विरुद्ध बाजूला फेकला जातो. किती फेकला जाईल ते बरंचसं क्यूच्या टोकाकडच्या भागाच्या वजनावर ठरतं. टोक हलकं तितकं हे फेकलं जाणं कमी. पूलच्या खेळाडूंसाठी १९९० च्या दशकात अमेरिकेत मुद्दाम हलक्या टोकाचे दांडे निघाले. आता तर कार्बन फायबरचेही मिळतात. शास्त्राच्या दृष्टीनं हा क्यू निर्विवाद सुधारलेला. पण वीस वर्षं जुन्या क्यूनं खेळलेल्या माणसाच्या हातात तो दिला की त्याचे सोपे पॉट हुकायला लागतात. कारण जुना क्यू किती चुकवतो हे त्याच्या हातानं कधीच हिशेबात धरलेलं असतं. त्याला स्वतःलाही ठाऊक नसतं, की आपण रोज थोडं शेजारी नेम धरतो आणि चेंडू मात्र बरोबर जागी जातो. क्यूची चूक आणि हाताची चूक एकमेकींना खाऊन टाकत असतात. त्यातली एक काढून घेतली की दुसरी उघडी पडते. तेव्हा कसलेल्या माणसाला उत्तम साधनापेक्षा ओळखीचं साधन हवं असतं. सभासदांच्या गप्पा वाया जात होत्या त्या यासाठी, की ते दरवर्षी क्यू बदलत.

दुसरं मत माझ्यासारख्यांचं, पुस्तकवाल्यांचं. नियम कळला की खेळ कळला. याला इतिहास साथ देत नाही. चामड्याची टीप आणणारा म्हणून ज्याचं नाव घेतलं जातं तो फ्रान्सोआ मॅंगो हा फ्रेंच लष्करातला कॅप्टन. तुरुंगात असताना त्याला ही कल्पना सुचली असं सांगतात. सुटून आल्यावर तो गावोगाव असे शॉट दाखवत फिरला, की लोक तोंडात बोट घालत. टिपेमुळे चेंडूला पकड मिळाली आणि त्याला हवी तशी फिरकी देता यायला लागली. १८२७ साली त्यानं आपल्या शॉटचं पुस्तकही काढलं. त्यानंतर, १८३५ साली, गास्पार कोरिओलिस या गणितज्ञानं बिलियर्डच्या चेंडूंचं गणित पॅरिसमध्ये प्रसिद्ध केलं. चेंडूचा मार्ग कसा वाकतो, फिरकी सर्वांत जास्त केव्हा मिळते, सगळं समीकरणांत बसवलं. कोरिओलिसनं मॅंगोचे शॉट पाहिले होते. मॅंगोनं कोरिओलिसची समीकरणं सोडवली असती तर तो अधिक चांगला खेळला असता, असं कुणी म्हटलेलं माझ्या वाचनात नाही. (याच वर्षी कोरिओलिसनं फिरत्या चौकटीतल्या गतीवरही निबंध लिहिला. पृथ्वीवरचे वारे वळतात, आपला मोसमी वारा नैर्ऋत्येकडून येतो, तो ज्या परिणामामुळे, त्याला आज त्याचं नाव आहे. म्हणजे चेंडूचं गणितही त्याचं, आणि ज्या पावसानं आमचं कापड दमट व्हायचं तो आणणारा वाराही त्याच्याच नावाचा.)

तत्त्वज्ञांनीही या टेबलाकडे बघितलं आहे. डेव्हिड ह्यूमनं १७४८ सालच्या आपल्या ग्रंथात कार्यकारणभावाची चर्चा केली ती बिलियर्डच्या चेंडूंचं उदाहरण घेऊन. एक चेंडू येतो, दुसऱ्याला लागतो, दुसरा चालू लागतो. आपल्याला दिसतं ते एवढंच. पहिल्यानं दुसऱ्याला चालायला भाग पाडलं, ही सक्ती कुणालाच कधी दिसलेली नाही. पुन्हा पुन्हा पाहून मनाला तशी सवय लागते. गिल्बर्ट राइल यानं १९४९ साली 'अमुक असं आहे हे जाणणं' आणि 'अमुक कसं करावं हे जाणणं' या दोन गोष्टी वेगळ्या असल्याचं मांडलं. पोहता येणाऱ्याला पाण्याचं शास्त्र यावंच लागतं असं नाही, आणि ते शास्त्र पाठ असलेला माणूस बुडू शकतो. हे सगळं मी पुढे वाचलं. वाचताना वाटलं, की हे आमच्या हॉलमध्ये बसूनही लिहिता आलं असतं.

पण एवढ्यावर थांबून 'हात श्रेष्ठ, पुस्तक कनिष्ठ' असा निकाल द्यायला मी तयार नाही. तो निकाल ऐकायला गोड असतो आणि आळशी माणसाच्या फार सोयीचा असतो. एक प्रसंग सांगतो. पोरांचे मिसक्यू फार होत, म्हणजे टीप चेंडूवरून घसरायची. मामांचं यावर एकच औषध : चॉक कमी पडला. पोरं मग टिपेला निळा चॉक इतका घासत की टेबलावर पिठाची गिरणी व्हायची. चॉक म्हणतात खरा, पण तो शाळेतला खडू नव्हे. १८९७ साली अमेरिकेत पेटंट घेतलेल्या या चॉकमध्ये कठीण खनिजांची बारीक पूड असते आणि तिच्यामुळे चामडं चेंडूला धरतं. पण कितीही चॉक लावला तरी धरण्याला सीमा आहे. कोरिओलिसच्या गणितात फिरकी सर्वांत जास्त मिळते ती चेंडूच्या मध्यापासून अर्ध्या त्रिज्येवर मारल्यानं. त्याच्या फारसं बाहेर गेलं की टीप घसरतेच. आमच्या चेंडूचा व्यास साडेबावन्न मिलिमीटर, म्हणजे मध्यापासून तेरा मिलिमीटर. मी एका जुन्या चेंडूवर तेवढ्या त्रिज्येचं वर्तुळ काढून आणलं आणि पोरांना म्हटलं, याच्या आतच मारा. पंधरा दिवसांत मिसक्यू निम्म्यावर आले. इथे हाताला जे सापडत नव्हतं ते पुस्तकानं दिलं. आणि हे वर्तुळ पुसट व्हायला लागल्यावर शाई आणून ते पुन्हा गिरवलं ते मामांनीच, न सांगता.

मग एकाच माणसाचं एक खरं पोरांच्या कामी आलं आणि दुसऱ्या खऱ्यानं त्यांचा खेळ मोडला, असं का झालं?

हे कळायला मला वर्ष लागलं. भाच्याचा क्यू धूळ खात होता तो घेऊन मीच सराव करायला लागलो, काहीसा अपराधीपणानं. आणि एक दिवस स्वतःच्या हाताकडे पाहताना लक्षात आलं. क्यू चेंडूच्या जरा पुढे थांबवायचा असं मनात असलं, की हात तो थांबवायची तयारी चेंडूच्या आधीच सुरू करतो. मूठ आवळते, वेग कमी होतो, टोक किंचित खाली-वर होतं. टीप चेंडूला टेकते त्या हजाराव्या भागात जे असायला हवं ते आधीच बिघडलेलं असतं. आणि क्यू चेंडूतून आरपार लांब न्यायचा असं मनात असलं, तर त्या क्षणी हात मोकळा असतो. म्हणजे चेंडू गेल्यानंतर क्यू कुठे जातो याचा चेंडूशी संबंध नाही, हे माझं म्हणणं खरंच. पण क्यू नंतर कुठे न्यायचा आहे या इराद्याचा आधीच्या हालचालीशी पक्का संबंध आहे, आणि तो मला दिसलाच नव्हता. मी चेंडूचं शास्त्र सांगितलं. हातालाही शास्त्र असतं हे मी विसरलो.

गाणं शिकलेल्या वाचकांना हे ओळखीचं वाटेल. गुरुजी सांगतात, नाभीतून स्वर काढ. नाभीत स्वर निर्माण करणारा कुठलाही अवयव नाही, हे शरीरशास्त्राचा पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही सांगेल. पण त्या सांगण्यानं गळा सैल सुटतो, श्वास खोल जातो, आणि स्वर लागतो. मिरजेला तंबोऱ्याची जवारी काढणाऱ्या कारागिराच्या बोलण्यातही असलीच भाषा असते : स्वर उघडला, स्वर मिटला. तंबोऱ्याच्या घोडीमुळे तारेतून इतके स्वर कसे उमटतात, यावर चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२१ साली निबंध लिहिला. तो निबंध मोलाचा आहेच. पण त्याच्या कितीतरी आधीपासून घोडी घासणारा हात आणि तारेखाली सरकवायचा दोरा यांचं आपसांत ठरलेलं होतं.

मी मामांकडे गेलो. पावसाचेच दिवस होते, हॉलमध्ये कुणी नव्हतं, ते इस्त्री फिरवत होते. मी म्हणालो, "मामा, तुमचं बरोबर होतं. माझं चुकलं." त्यांनी इस्त्री बाजूला ठेवली. म्हणाले, "न्हाई सर, माझं कुठलं बरोबर? चिकटत न्हाई ते मलापण ठाऊक आहे की. आवाज येतोय टक्क करून. चिकटली असती तर आवाज आला असता काय?"

मी गप्पच झालो. मग विचारलं, "मग पोरांना तसं का सांगत होता?"

मामांना महत्त्वाचं बोलायचं असलं की ते मराठीतून कन्नडमध्ये जात. म्हणाले, "ना कैगे हेळ्तिद्दे सर. निमगल्लरी." मी हाताला सांगत होतो सर. तुम्हाला नव्हे.

या वाक्यावर मी पुष्कळ विचार केला आहे, आणि तरी माझं पूर्ण समाधान झालेलं नाही, हेही कबूल करायला हवं. कारण हा युक्तिवाद फार लांब नेता येतो. उपयोगी पडतं म्हणून खोटं सांगावं, हे एकदा मान्य केलं की मग बुवा, वैद्य आणि पुढारी हे तिघेही तेच म्हणत पुढे येतात. त्यांनाही हेच सांगायचं असतं, की आम्ही तुमच्या डोक्याशी बोलत नव्हतो, तुमच्या श्रद्धेशी बोलत होतो. भौतिकशास्त्राचा मास्तर म्हणून जन्म काढलेल्या माणसाला हे पटणं शक्य नाही. खोट्या कारणाची किंमत कधी ना कधी पडते. मिसक्यूच्या बाबतीत ती पडतच होती, चॉक उडत होता आणि दोष सापडत नव्हता.

फरक कुठे आहे तो मला आता थोडा दिसतो. मामांना खरं काय ते ठाऊक होतं. आपण जे बोलतो ते चेंडूविषयीचं विधान नाही, हाताला दिलेली खूण आहे, हे त्यांना पक्कं माहीत होतं. कुणी विचारलं असतं तर त्यांनी सांगितलंही असतं. मी विचारल्यावर सांगितलंच. बुवाला विचारलं तर तो आणखी एक खोटं सांगतो. आणि माझ्या बाजूनं बघायचं तर माझी चूक खरं बोलण्यात नव्हती. ते वाक्य तिथे कोणतं काम करत होतं ते न बघता मी ते काढून घेतलं, आणि त्या जागी ठेवायला माझ्याकडे दुसरं काही नव्हतं. घराचा खांब वाकडा आहे हे ओळखणं सोपं असतं. त्याच्यावर काय टेकलं आहे ते बघायला वर मान करावी लागते.

शिवाय एक गोष्ट अशी आहे, की जिला भौतिकशास्त्रात जागा नाही. मी ते पोरांच्या देखत बोललो. बी.एस्सी., एम.एस्सी. झालेल्या माणसानं चौथी शिकलेल्या माणसाला, त्याच्याच विद्यार्थ्यांसमोर, त्याच्या पोटाच्या धंद्यात चुकीचं ठरवलं. तेच मी बाजूला घेऊन म्हणालो असतो तर मामांनी टक्क आवाजाची गोष्ट मला तेव्हाच सांगितली असती, आणि एक वर्ष वाचलं असतं. त्यानंतर मामा पोरांना शिकवत राहिले, पण 'चिकटवून ठेव' असं पुन्हा म्हणाल्याचं मी ऐकलं नाही. शब्द न वापरता ते आपल्या हातानं पोराचं कोपर धरून पुढे न्यायचे. त्याला वेळ जास्त लागायचा.

मामा २००३ साली गेले. हॉलमधली टेबलं त्याच्या आधीच विकली गेली होती.

भाच्यानं पुढे खेळ पुन्हा धरला, हौसेपुरता. आता तो पुण्यात असतो. गेल्या दिवाळीत मी त्याच्याकडे होतो, तर तो आणि त्याची कॉलेजात जाणारी मुलगी मला एका पूल पार्लरमध्ये घेऊन गेले. टेबल लहान, कापडाला लव नाही, चेंडू फिनॉलिक रेझिनचे, चकचकीत, एकसारखे, आणि वर वातानुकूलन, म्हणजे पावसाळा बाहेरच राहतो. मामांना तिथे करण्यासारखं काहीच सापडलं नसतं, असं पहिल्यांदा वाटलं. मग भाच्यानं मांडणीतला क्यू उचलून टिपेवर अंगठा फिरवला, नापसंतीनं तो ठेवला, दुसरा उचलला, आणि माझ्या लक्षात आलं की ही अंगठा फिरवायची पद्धत कुणाची आहे.

मुलगी स्क्रू मारायचा प्रयत्न करत होती. चेंडू जागीच थांबत होता. भाचा तिच्या मागे उभा राहून म्हणाला, "टीप सोडू नकोस. चिकटवून ठेव, आणि पुढे पोचवून ये." एवढं बोलून त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी चहाच्या कपात पाहिलं.

पाच-सहा प्रयत्नांनंतर चेंडू टक्क करून आपटला आणि चांगला दोन फूट मागे आला. ती वळून म्हणाली, "मामाआजोबा, तुम्ही फिजिक्सचे ना? खरंच चिकटते का हो टीप?"

मी म्हणालो, "नाही. सेकंदाचा हजारावा भाग टेकते फक्त."

"मग बाबा चिकटव का म्हणतात?"

हे सांगायला मला पाऊण तास लागला. बैलहोंगलपासून सुरुवात करावी लागली. टेबलाचं भाडं तासावर होतं, ते भाच्यानं भरलं.